आस्कंद, नाइट ड्यूटी आणि साठ दिवस : प्रकल्प नोंदी, २०२५

२१ एप्रिल, सोमवार

नर्स आणि आशाताईंच्या ताणावर आस्कंद, म्हणजे अश्वगंधा, देऊन पाहायच्या अभ्यासासाठी एथिक्स कमिटीसमोर आज दुसऱ्यांदा उभी राहिले. औषधाबद्दल प्रश्न येतील म्हणून तयारी करून गेले होते, आले ते माणसांबद्दल. कमिटीतल्या वकीलबाईंनी विचारलं, "तुमच्या स्टाफ नर्स मेट्रनला नाही म्हणू शकतील का?" मी गप्प झाले. अकरा वर्षं मी स्वतः वॉर्डात काढली आहेत. इन्चार्जने सही कर म्हटल्यावर वाचायला कोण थांबतं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही हाताखालच्या माणसांना दबावाखाली येऊ शकणाऱ्या गटातच धरतात. मग ठरलं ते असं: संमतीपत्र बाहेरची समाजसेविका समजावून सांगेल. कोण आत आलं, कोण नाही म्हणालं, याची यादी नर्सिंग ऑफिसला कधीही दिसणार नाही. आशाताईंची संमती घेताना त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक खोलीत नसतील.

आराखडा इथे एकदा लिहून ठेवते, पुढे हात मोकळा सुटायला नको. ४८ जणी. निम्म्या रुग्णालयातल्या नर्स, निम्म्या कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या आशा. एका गटाला अश्वगंधेच्या मुळाचा अर्क, ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ६० दिवस. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, औषध नसलेली कॅप्सूल, म्हणजे प्लासिबो. हीच मात्रा आणि हाच काळ २०१२ साली इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात होता. त्यात ६४ जण होते आणि ताणाचे गुण व रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, दोन्ही प्लासिबोपेक्षा जास्त उतरलं. पण ती माणसं आपल्यासारखी पाळ्यांमध्ये राबणारी म्हणून निवडलेली नव्हती. आमचा अभ्यास लहान आहे. औषध चालतं की नाही याचं उत्तर ४८ जणींतून मिळणार नाही. पाळीत काम करणाऱ्या बायकांवर असा अभ्यास नीट करता येतो का, एवढंच कळेल. मला ते पुष्कळ आहे.

औषधशास्त्राच्या सरांनी डेन्मार्कचा विषय काढला. तिथे २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी आली, थायरॉइड आणि इतर संप्रेरकांवरच्या परिणामांच्या शंकेमुळे. लिव्हरचंही निघालं. आइसलंड आणि अमेरिकेतल्या ५ रुग्णांची माहिती २०२० मध्ये छापून आली होती. कावीळ आणि खाज होती, लिव्हर कुणाचं निकामी झालं नाही. "झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार" हे वाक्य आमच्या माहितीपत्रकात असता कामा नये, असं मीच लिहून घेतलं.

२८ एप्रिल, सोमवार

सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक आला. १ एप्रिल २०१८ पासून पहिला माणूस घेण्याआधीच नोंदणी लागते, म्हणून आजपर्यंत कुणाशी संमतीचा शब्द काढला नव्हता.

६ मे, मंगळवार

बाटल्या आल्या. पहिली उघडली आणि पोटात गोळा आला.

अश्वगंधा हे नाव उगाच पडलेलं नाही. ओल्या मुळाला घोड्याचा वास असतो म्हणतात, आणि अर्काच्या कॅप्सूलमध्येही तो उरतोच: ओल्या गोणपाटासारखा, जरा तुरट, नाकात वर जाऊन बसणारा. प्लासिबोच्या बाटलीला काहीच वास नाही, आत नुसतं सेल्युलोज. वॉर्डातल्या दोन मावशी आणि एका सिस्टरला डोळे मिटून हुंगायला लावलं. तिघींनीही एका दमात वेगळ्या काढल्या. एक मावशी म्हणाली, "ह्येका घोड्याचो वास येता, आणि ह्येका कसलोच वास येना नाय." असं झालं तर पहिल्याच आठवड्यात अख्ख्या हॉस्टेलला कळेल कुणाच्या बाटलीत काय आहे.

दुपारभर डोकेफोड करून उपाय काढला. दोन्ही प्रकारच्या बाटल्यांत झाकणाखाली मुळाच्या पुडीची सीलबंद कागदी थैली ठेवायची, म्हणजे उघडल्यावर वास दोन्हींतून येईल. चार दिवस बंद ठेवून पुन्हा हुंगवून पाहू. कॅप्सूलचं कवच अपारदर्शक आहे आणि वनस्पतीजन्य आहे. हे दुसरं आपल्याकडे किती महत्त्वाचं ठरेल ते श्रावणात कळेलच.

टीममधले वैद्य अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, आस्कंद घ्यायचा तर ३ ते ६ ग्रॅम चूर्ण, दुधातून, आयुर्वेदिक फार्माकोपियात (सरकारी औषधसंहितेत) मात्रा तशीच आहे; अर्क काढला की ते औषध वेगळं. त्यांचा मुद्दा मला पटतो. पण दुधातल्या चूर्णाचा प्लासिबो मी कुठून आणू? त्यांनीच एक गोष्ट मात्र पक्की करून घेतली. अर्क फक्त मुळाचा आहे, पानांचा नाही, याचा तपासणी दाखला. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये पानं वापरू नका असं उत्पादकांना कळवलं होतं. मूळ नीमच-मंदसौरकडचं आहे. आपल्या पावसात हे पीक तग धरत नाही, त्याला कोरडी हवा लागते.

१९ मे, सोमवार

आज दिवसभर दहा प्रश्न. पीएसएस ही ताण मोजायची प्रश्नावली शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये आणली, तिचं दहा प्रश्नांचं रूप आम्ही वापरतोय. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४, एकूण ० ते ४०, चार प्रश्न उलटे मोजायचे. हिशेब सोपा आहे, अवघड आहे ती भाषा.

सहा आशाताईंना बसवून मराठी मसुदा वाचून दाखवला. "गोष्टी नियंत्रणात आहेत असं किती वेळा वाटलं?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. नियंत्रण म्हटलं की त्यांच्या कानात एक तर कुटुंब नियंत्रण, नाही तर साथ नियंत्रण. "सगळं आपल्या हातात आहे" असं केलं, तर एक शांतपणे म्हणाली, हातात कसं, देवाच्या हातात. शेवटी "आटोक्यात" या शब्दावर माना हलल्या. ताप आटोक्यात येतो, आग आटोक्यात येते. तोच ठेवला.

"ताण" वर असंच झालं. ताण दोरीला असतो, बायकांना असतं ते टेन्शन. छापील फॉर्मवर "टेन्शन" लिहायला मार्गदर्शक सर तयार नव्हते. मी हट्ट धरला. मराठी मसुद्याचं पुन्हा इंग्रजी करणाऱ्या बाईंनीही न विचारता तोच अर्थ काढला, तेव्हा सर मानले.

निघताना आचऱ्याकडच्या एका ताईने मला थांबवलं. "ताई, म्हयन्यात कसा वाटला तां इचारतास, पण म्हयन्यात काय झाला तां कोण लिवतला?"

मी घरी आले, जेवले, पुन्हा फॉर्म काढून बसले. तिचं खरं आहे. पीएसएस गेल्या महिन्याचं विचारतं. त्या महिन्यात किती नाइट झाल्या, किती डबल ड्यूटी, ऑफ मिळाला का, आशाताईला रात्री किती बाळंतिणींबरोबर जावं लागलं, मोबदला किती महिने थकला आहे, हे विचारत नाही. एक जादा पान जोडते. गुणांच्या शेजारी ड्यूटी. कमिटीकडे दुरुस्ती म्हणून उद्याच पाठवते.

२६ मे, सोमवार

पाऊस काल देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. दहा-बारा दिवस आधीच. बोटी १ जूनला बंद व्हायच्या, त्या आत्ताच ओढून घेतल्या. आमचं वेळापत्रकही त्याबरोबर वाहून गेलं. आशाताई पाण्याचे नमुने आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला ताप) गोळ्यांच्या कामाला लागल्या, नर्सच्या रजा रद्द. भरती जूनअखेरीवर ढकलली.

कमिटीने जादा पान मंजूर केलं.

चाळणी चालू आहे. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) जास्त असेल, गरोदरपण असेल किंवा त्याचा विचार असेल, थायरॉइडची, साखरेची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर घ्यायचं नाही. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या इतक्या जणी निघाल्या की मी चकित झाले. त्यातली एक माझ्याबरोबर सर्जिकल वॉर्डात होती. "मला का नाही घेत, सगळ्यात जास्त टेन्शन मलाच आहे," म्हणाली. तिला समजावताना मला फार वाईट वाटलं.

१६ जून, सोमवार

कोण कोणत्या गटात जाणार ते ठरवणारे लिफाफे तयार. अनुक्रमांक, आत गटाची चिठ्ठी, चिठ्ठीभोवती ॲल्युमिनियम फॉइल, सीलवर सही. सांख्यिकीच्या सरांनी एक लिफाफा उचलला आणि सरळ एक्स-रे बघायच्या बॉक्सवर लावला. दिवा पेटवला. काही दिसलं नाही. फॉइल नसलेला एक लावून दाखवला, त्यात अक्षर स्पष्ट वाचता आलं. वॉर्डावॉर्डांत असे बॉक्स आहेत आणि उत्सुक माणसंही आहेत. फॉइलचा खर्च मी मनातल्या मनात उधळपट्टी म्हणत होते, तो शब्द मागे घेतला.

२५ जून, बुधवार

चूक माझी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

भरती सोमवारी सुरू झाली. कॉर्टिसॉलचं रक्त सकाळी ८ ते ९ मध्ये घ्यायचं, हे प्रोटोकॉलमध्ये होतं. कॉर्टिसॉल झोपेतून उठण्याच्या सुमारास सगळ्यात वर असतं आणि मध्यरात्रीकडे तळाला जातं, म्हणून वेळ बांधलेली. पण सकाळी ८ वाजता रक्त द्यायला सोयीचं कुणाला? जी नाइट संपवून बाहेर पडते तिला. पहिल्या दोन दिवसांतल्या पाच नर्स सरळ रात्रपाळीतून येऊन बाही वर करून बसल्या. त्यांच्यासाठी ती सकाळ नव्हतीच, ती रात्रीची अखेर होती. त्यांचं शरीर कोणत्या घड्याळावर चालतंय ते आपल्याला माहीत नाही, आणि आपण तो आकडा "सकाळचं कॉर्टिसॉल" म्हणून लिहिणार होतो.

अकरा वर्षं नाइट केलेल्या बाईच्या हे आधी लक्षात यायला हवं होतं. प्रयोगशाळेतल्या मुलीने विचारलं, "मॅडम, ह्या सगळ्या जांभया देतायत, चालेल ना?" तेव्हा ट्यूब पेटली.

पाचही नमुने प्रोटोकॉलचं उल्लंघन म्हणून नोंदवले, कमिटीला कळवले, टाकून दिले नाहीत. आजपासून नियम असा: शेवटच्या नाइटनंतर किमान दोन रात्री घरी झोपल्यावरच रक्त. कॉर्टिसॉल दुय्यम मोजमापातच होतं, हे नशीब.

७ जुलै, सोमवार

काल आषाढी. आज फोनच फोन: उपासाला कॅप्सूल चालते का? कवच वनस्पतीचं आहे हे सांगितल्यावर बऱ्याच जणींचं समाधान झालं. काहींचं म्हणणं, औषध उपाशीपोटी नको, तुम्हीच जेवणानंतर घ्यायला सांगितलं. हे बरोबरच आहे. साबुदाण्याची खिचडी, वरी, केळं, काहीही खाल्ल्यावर घ्या म्हटलं. निर्जळी करणाऱ्यांनी त्या दिवशी सोडून द्यावी आणि डायरीत तसं लिहावं, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. श्रावणात सोमवार आहेत, शनिवार आहेत, म्हणून हीच सूचना छापून सगळ्यांना पाठवली.

१२ जुलै, शनिवार

देवबागला गेले होते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये एवढीशी जमीन, आणि वरून पाऊस. आशाताईंच्या घरात भिंतींना घाम आलेला. त्यांनी बाटली देवघराच्या फळीवर ठेवली होती, सगळ्यात कोरडी जागा म्हणून. तळहातावर उपडी केली तर चार कॅप्सूल एकमेकींना चिकटून एकच ढेकूळ बाहेर आलं. बोटाने सोडवायला गेले तर एकीचं कवच दबलं, चेपलेलं तसंच राहिलं. बाटलीतली सिलिकाची पुडी दगडासारखी भरलेली.

ताई फार ओशाळल्या. जणू त्यांनीच बिघडवलं. मी म्हटलं, अहो, या हवेत मीठ पाणी होतं, पापड वाकतात, हिची काय कथा. चूक आमची. आम्ही साठ दिवसांच्या कॅप्सूल एकाच बाटलीत दिल्या. दिवसातून दोनदा झाकण उघडायचं म्हणजे दोनदा आत पाऊस घ्यायचा.

सोमवारपासून सगळ्यांना पंधरा-पंधरा दिवसांच्या छोट्या, घट्ट झाकणाच्या बाटल्या, दोन सिलिका पुड्या, आणि जुन्या बाटल्या परत. स्टोअरमध्ये आर्द्रतामापक लावलाच आहे, आता नोंद दिवसातून तीनदा.

परतताना गाडीत आमचा नवा सहायक म्हणाला, इथून केलेलं एवढंसं काम वाचणार कोण? मी त्याला बिरवाडीचं सांगितलं. रायगड जिल्ह्यातल्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवत होते, आणि १९८२ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. आपण त्या तोडीचं काही करतोय असं मी म्हणत नाही. पण कोकणातली नोंद कमी दर्जाची असते, हे मला मान्य नाही.

३० जुलै, बुधवार

सहभागी क्रमांक ३१ ने सकाळी फोन केला. दोन दिवस अंगाला खाज, जेवण नको वाटतं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कॅप्सूल तात्काळ बंद करायला सांगितली, तासाभरात रक्त. एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीच्या वर, बिलिरुबिन ठीक.

प्रोटोकॉलप्रमाणे तिचा लिफाफा फोडला गेला. तो मी फोडला नाही, माहिती फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आहे. मला ती नको आहे. कमिटीला आजच लेखी कळवलं. ती लावणीला चिखलात उतरली होती, म्हणून लेप्टो आणि काविळीच्या तपासण्याही पाठवल्या. एका खाजेवरून औषधाला दोष देणं घाईचं होईल आणि दोष नाही म्हणणं त्याहून घाईचं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिची सासू दारातच म्हणाली, "चांगल्या पोरीक कित्याक गोळये दिलास?" या प्रश्नाला माहितीपत्रकात उत्तर नाही. मी बसले, सगळं सांगितलं, काय तपासलं, पुढे काय तपासणार, खर्च कुणाचा. दोन तास लागले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

क्र. ३१ चं एसजीपीटी उतरतंय. लेप्टो नाही, कावीळ अ आणि ई नाही. ती पुन्हा ड्यूटीवर आली आहे, कॅप्सूल अर्थातच बंद. औषधाशी संबंध "शक्य" असं नोंदवलं आहे.

दुसरी गोष्ट, जी जूनमध्येच दिसायला हवी होती. भरती २३ जून ते ४ जुलै. त्यात ६० दिवस मिळवा: २२ ऑगस्ट ते २ सप्टेंबर. गणेश चतुर्थी २७ ला, गौरी विसर्जन २ ला. म्हणजे शेवटचं मोजमाप नेमकं कोकण भरलेलं असताना. मुंबईहून चाकरमानी येणार, हायवेवर आरोग्य पथकं लागणार, आशाताई तिथे, नर्सना सुट्टी मिळाली तर आनंद आणि नाही मिळाली तर डोळ्यात पाणी. ज्या नर्सला चतुर्थीला ड्यूटी आहे तिला त्या आठवड्यात "सगळं आटोक्यात आहे असं वाटलं का" विचारायचं?

सांख्यिकीचे सर म्हणाले, गणपती दोन्ही गटांना सारखाच येतो, तुलना बिघडत नाही. खरं आहे. पण ४८ जणींत एवढा गलबला माजला तर औषधाचा लहानसा परिणाम त्यात ऐकूच येणार नाही. भेटीची मुदत वाढवून मागावी, तर जास्तीच्या कॅप्सूल नाहीत. तारखा आहेत तशाच ठेवतोय. फक्त जादा पानावर एक ओळ वाढवली: गणपतीत घरी होता का? कमिटीची परवानगी फोनवर मागितली, लेखी उद्या येईल.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हायवेवरच्या पथकाच्या तंबूत बसून तीन आशाताईंचे फॉर्म भरले. बाहेर गाड्यांची रांग, टपांवर मखरं. मध्येच एक लहान मूल ओकलं, ताई उठल्या, ओआरएस दिलं, परत आल्या, सहाव्या प्रश्नापासून पुढे.

रुग्णालयात परतले तर व्यवस्थापनातले एक गृहस्थ भेटले. मनापासून म्हणाले, "चांगलं निघालं तर सगळ्या स्टाफला वाटून टाकू, ताणाचा प्रश्नच मिटेल." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी मला ते वाक्य रात्रभर टोचत राहिलं. ज्या बाईने महिन्यात सोळा नाइट केल्या तिच्या हातात आपण कॅप्सूल ठेवायची आणि ड्यूटी लिस्ट तशीच लावायची, यासाठी मी हे काम हाती घेतलेलं नाही. आस्कंदाने झोप थोडी सुधारत असेल तर ती तिला मिळावी, जरूर मिळावी. पण रिकाम्या जागा भरण्याऐवजी नव्हे. म्हणून अहवालात ड्यूटीचं पान आधी येईल, कॅप्सूलचं नंतर. सरांना आजच सांगितलं, त्यांनी होकार दिला.

२ सप्टेंबर, मंगळवार

शेवटची भेट झाली. ४८ पैकी ४३ जणींनी शेवटपर्यंत साथ दिली. प्रत्येकीला विचारलं, तुमच्या बाटलीत खरं औषध होतं असं वाटतं का आणि कशावरून? "वास येत होता म्हणून" असं सांगणाऱ्या खूप निघाल्या, आणि वास तर आम्ही सगळ्यांच्याच बाटलीत ठेवला होता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

माहिती दोनदा भरून, पडताळून, कुलूपबंद. कोणत्या गटात काय होतं त्याची यादी सीलबंद आहे, विश्लेषणाचा आराखडा सह्या होऊन जमा झाल्यावरच उघडेल. ड्यूटीच्या पानाला मात्र त्या यादीची गरज नाही. सगळ्यांची एकत्र बेरीज, नावं आणि वॉर्ड काढून, सोमवारी व्यवस्थापनापुढे ठेवतेय. सांख्यिकीच्या सरांनी विचारलं, नाइटचे गट पाडू का, कमी-मध्यम-जास्त? मी नको म्हटलं. एक नाइट म्हणजे एक आकडा, जशी केली तशी.

उरलेल्या कॅप्सूलची मोजणी दोघींनी मिळून केली, सह्या झाल्या, रिकाम्या बाटल्या मोडीत काढायची परवानगी आली. तेवढ्यात देवबागच्या ताईंचा फोन. बाटल्या फेकणार असाल तर एक द्या, झाकण घट्ट आहे, पावसात मीठ कोरडं राहील.

लेबलं गरम पाण्यात भिजवून काढली, थैल्या काढून टाकल्या. वास अजून आहे. आज ऊन पडलंय, म्हणून झाकणं उघडी ठेवून सगळ्या बाटल्या गच्चीवर मांडल्या आहेत.